घोर निष्काळजीपणा: कायद्यात रेघ नेमकी कुठे पडते?

सायली_ग

अपघाताच्या बातमीत ‘घोर निष्काळजीपणा’ हे शब्द ठरलेले. पूल पडला, शस्त्रक्रियेत रुग्ण दगावला, जत्रेतला पाळणा निखळला, सगळीकडे तेच. साहसी खेळांच्या हमीपत्रावरही ‘आमचा घोर निष्काळजीपणा वगळता कोणत्याही इजेस आम्ही जबाबदार नाही’ असं छापलेलं असतं आणि लोक खाली सही करून मोकळे होतात.

मला हे जाणून घ्यायचंय: साधा आणि घोर यांत फरक कोण करतं, कशावरून करतं? ‘घोर’ ठरलं तर जखमीला भरपाई जास्त मिळते का? आणि हमीपत्रावर सही केली की दाव्याचा हक्क संपतो का? किती माणसं दगावली यावरून ठरतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. ते मला पटत नाही.

अ‍ॅड_धनश्री

न पटणंच बरोबर आहे. परिणाम किती भयंकर झाला यावरून ‘घोर’ ठरत नाही. कृती करताना किंवा टाळताना त्या माणसासमोर काय होतं, यावरून ठरतं. न्यायालय ढोबळमानाने असं पाहतं: धोका किती संभवनीय होता आणि घडला तर किती गंभीर? त्याला तो माहीत होता का, किंवा त्याच्या जागी असलेल्या कुणालाही दिसला असता का? टाळायला काय लागलं असतं? आणि त्याने त्यातलं काय केलं? धोका जिवावरचा, उपाय पाच मिनिटांचा, आधी कुणी सांगितलेलं, तरी काही केलं नाही, असं चित्र उभं राहिलं की प्रकरण ‘घोर’कडे झुकतं. नजर चुकली, अंदाज चुकला, दोन योग्य पर्यायांतला एक निवडला आणि तो लागू पडला नाही, हे तिथपर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे हा भेद मुख्यतः फौजदारी बाजूला लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ म्हणजे अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडवणं. कलमात ‘घोर’ शब्द नाही, पण ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ (२००५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा ठरायला निष्काळजीपणा फार वरच्या दर्जाचा लागतो. भरपाईच्या दाव्याला पुरेल एवढा निष्काळजीपणा तुरुंगात पाठवायला पुरत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झालं तर दोन वर्षांपर्यंत.

शस्त्रवैद्य

जेकब मॅथ्यूमधली हकीकत सांगितली की रेघ जास्त स्पष्ट होईल. लुधियाना, फेब्रुवारी १९९५. रुग्णाला श्वास घेता येईना. डॉक्टर पोचले, प्राणवायू लावायला घेतला तर सिलिंडर रिकामा. दुसरा येऊन सुरू होईपर्यंत रुग्ण गेला. न्यायालयाने म्हटलं, सिलिंडर भरलेला नसणं यासाठी रुग्णालय कदाचित दिवाणी दायित्वात येईल, पण त्या डॉक्टरांवर ३०४-अ चालणार नाही. कारण सिलिंडरची व्यवस्था त्यांची नव्हती, आणि समोर जे होतं त्यात त्यांनी उपचार टाळले नव्हते.

याच्या उलट इंग्लंडचं अ‍ॅडोमाको प्रकरण (१९९४). डोळ्याची शस्त्रक्रिया चालू असताना श्वासनळीतल्या नळीची जोडणी सुटली. सुमारे साडेचार मिनिटांनी यंत्राचा इशारा वाजला. नाडी आणि रक्तदाब घसरत होते, तरी भूलतज्ज्ञाने जोडणी तपासलीच नाही. सक्षम भूलतज्ज्ञाच्या हे पंधरा सेकंदांत लक्षात यायला हवं होतं, अशी साक्ष झाली. दोषसिद्धी कायम राहिली. भूलतज्ज्ञाचं त्या खोलीतलं मूळ कामच श्वासावर लक्ष ठेवणं असतं. तेच झालं नाही.

मात्र २००४ च्या सुरेश गुप्ता प्रकरणात नाकाच्या शस्त्रक्रियेत कफ असलेली नळी न घातल्याने रक्त श्वासमार्गात गेलं असा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने तो दक्षतेचा अभाव मानला, पण गुन्ह्याइतका घोर मानला नाही आणि खटला रद्द केला. यावर माझ्या व्यवसायातसुद्धा एकमत नाही. श्वासमार्ग सुरक्षित करणं ही पायाभूत गोष्ट आहे आणि ती सुटणं इतकं हलकं घेता येतं का, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

मुक्ता

म्हणजे माणूस गेला तरी तो साधाच निष्काळजीपणा असू शकतो. पचायला जड आहे.

रानवाट

@मुक्ता, उलट दिशेनेही पाहा. सभागृहाचं आपत्कालीन दार वर्षभर कडी-कुलूप लावून ठेवलंय आणि कुणाला खरचटलंही नाही. तरी तो प्रकार घोरच, फक्त दावा करायला अजून कुणी जखमी नाही.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचं प्रकरण यासाठी तपशिलात वाचण्यासारखं आहे. १३ जून १९९७, ५९ मृत्यू. तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मर. त्याच इमारतीत ६ जुलै १९८९ लाही ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली होती, म्हणजे धोका माहीत नव्हता असं म्हणायला जागाच नाही. आगीच्या दिवशी सकाळी पुन्हा बिघाड झाला, तात्पुरती दुरुस्ती करून वीज चालू केली. वर बाल्कनीत जादा खुर्च्या टाकल्या होत्या, एका बाजूची वाट बॉक्स बांधून बंद केली होती, दारांना कड्या होत्या, आणीबाणीचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपकावरून सूचना नाही. बाल्कनीतले प्रेक्षक धुराने गुदमरले. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर ‘चूक’ म्हणून खपवता आली असती. पण त्या सगळ्या एकाच वेळी, वर्षानुवर्षं, जागा वाढवून तिकिटं विकण्यासाठी चालू ठेवलेल्या होत्या. घोरपणा असा साचत जातो.

टोकदार

मी थोडा विरोध नोंदवतो. १८४३ मध्ये ‘विल्सन विरुद्ध ब्रेट’ या घोड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती रॉल्फ यांनी म्हटलं होतं की घोर निष्काळजीपणा म्हणजे निष्काळजीपणाच, वर एक शिवीवजा विशेषण. पावणेदोनशे वर्षांनीही मला ते खरं वाटतं. वरचे चार प्रश्न साध्या निष्काळजीपणालाही विचारले जातातच. मग वेगळं माप कुठे आहे? न्यायाधीशाला राग किती आला यावर ठरतं.

अ‍ॅड_धनश्री

@टोकदार, इंग्लंडच्या दिवाणी कायद्यापुरतं तुमचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं. इतरत्र मात्र कायदेमंडळांनी माप लिहूनच ठेवलंय. टेक्सासच्या दिवाणी संहितेत दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: धोका अतिशय मोठा होता, आणि त्या माणसाला त्याची प्रत्यक्ष जाणीव असूनही दुसऱ्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करता तो पुढे गेला. नुसतं ‘कळायला हवं होतं’ तिथे चालत नाही. पुरावाही नेहमीपेक्षा वरच्या दर्जाचा लागतो आणि ज्युरीचं एकमत लागतं. तेव्हाच दंडात्मक भरपाई मिळते. कॅलिफोर्नियात जाणिवेची अट नाही. जराशीही काळजी न घेणं, किंवा नेहमीच्या दर्जापासून टोकाचं दूर जाणं, एवढं पुरतं. म्हणजे एकच घटना एका राज्यात घोर आणि दुसऱ्यात साधी ठरू शकते. म्हणून ‘घोर कशासाठी?’ हे आधी विचारायचं. दंडात्मक भरपाईसाठी, हमीपत्र मोडण्यासाठी, की शिक्षेसाठी?

शस्त्रवैद्य

जर्मनीचं एक उदाहरण जोडतो, कारण तिथे ‘घोर’ ठरल्याने जखमीला सरळ फायदा होतो. उपचारातली चूक घोर ठरली आणि ती तशा इजेला कारणीभूत होऊ शकणारी असली, तर चुकीमुळेच इजा झाली हे रुग्णाला सिद्ध करावं लागत नाही. तसं झालं नाही हे डॉक्टरला सिद्ध करावं लागतं. वैद्यकीय दाव्यांत कार्यकारणभावावरच बहुतेक लढाया हरल्या जातात, त्यामुळे हा मोठा बदल आहे.

दावेकरी

सायलीताईंचा दुसरा प्रश्न राहिला. भारतात रस्ते अपघाताची भरपाई निष्काळजीपणा किती घोर यावर वाढत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कमाई, वय आणि अवलंबून असलेली माणसं पाहतं. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी सूत्र पक्कं केलंय.

उदाहरण: मृत व्यक्ती ३२ वर्षांची, ठरावीक पगार महिना ३०,०००, अवलंबित चार. भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरून ४२,०००. स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले ३१,५००. वर्षाचे ३,७८,०००. या वयाला गुणक १६. म्हणजे ६०,४८,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठरीव रकमा. चालक डुलकी लागून चुकला काय किंवा सिग्नल तोडून आला काय, आकडा हाच.

उलट जखमीची स्वतःची चूक असेल तर तेवढे टक्के कापले जातात. म्हणून अर्जात ‘घोर’, ‘अमानुष’, ‘बेदरकार’ असले शब्द भरण्यापेक्षा घटनास्थळ पंचनामा, नकाशा आणि दोन्ही वाहनांचा आरटीओ तपासणी अहवाल लावा. त्या अहवालात ब्रेक चालू होते का, धडक कुठल्या बाजूला लागली, हे असतं. आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत परत आलीय.

मुक्ता

‘भरधाव वेगाने’ हे तर प्रत्येक फिर्यादीत असतं. त्याचा काही उपयोग होतो का?

दावेकरी

फौजदारीत फारसा नाही. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ (१९९८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘जास्त वेग’ एवढ्याने अविचार किंवा हयगय सिद्ध होत नाही. किती वेग, कसला रस्ता, काय रहदारी, हे आलं पाहिजे. साक्षीदाराने ‘गाडी फार जोरात होती’ एवढंच सांगितलं की आरोपी सुटतो. ब्रेकच्या खुणांची लांबी, वळण किती दूर, शाळेचा फलक होता का, दिवे चालू होते का, हे पंचनाम्यात पहिल्याच दिवशी आलं नाही तर नंतर कुठून येणार?

कोकणकडा

घोर निष्काळजीपणाच्याही वरची एक पायरी इथे सुटतेय. मृत्यू होऊ शकतो याची जाणीव ठेवून कृती केली असेल तर तो ३०४-अ राहत नाही, सदोष मनुष्यवधात (कलम ३०४) जातो. हेतू नव्हता पण जाणीव होती, तर त्या कलमाचा दुसरा भाग. अ‍ॅलिस्टर परेरा निकाल (२०१२) पाहा. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये दारू पिऊन चालवलेली गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात मृत्यू. ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दोषसिद्धी टिकली. दुसऱ्या टोकाला भोपाळची वायुदुर्घटना. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप ३०४ भाग दोनवरून ३०४-अ वर आणले, आणि २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. जाणीव होती हे दाखवणारे कागद आरोपनिश्चितीच्या टप्प्यालाच लागतात.

रानवाट

आणि ‘त्याच्यामुळे’ हेही सिद्ध करावं लागतं. कुरबान हुसेन रंगवाला प्रकरण (१९६५) मुंबईच्या रंगाच्या कारखान्यातलं. एकाच खोलीत टर्पेंटाइन, व्हार्निशचा साठा आणि पेटते बर्नर. राळ वितळत असताना ती पुरेशी थंड व्हायच्या आत हातिम नावाच्या माणसाने टर्पेंटाइन ओतलं, फेस उतू जाऊन पेटला, सात कामगार गेले. मालकाने परवान्याच्या अटी मोडल्या होत्या. तरी ३०४-अ तून तो सुटला, कारण मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण घाईने ओतणं हे होतं. ज्वालाग्राही पदार्थांबाबतच्या हयगयीची कलम २८५ खालची शिक्षा मात्र राहिली. बांधकामाच्या अपघातांत मालक, कंत्राटदार, उपकंत्राटदार अशी साखळी असते तिथे हाच निकाल पुढे येतो. परवाना नव्हता एवढं दाखवून भागत नाही. परवाना असता तर जे करावं लागलं असतं त्यातलं काय केलं नाही, आणि त्यामुळेच माणूस कसा गेला, हा धागा जोडावा लागतो.

हा निकाल मला आजही अपुरा वाटतो. बर्नर आणि साठा एकत्र ठेवणाऱ्यानेच तर ती चूक जीवघेणी केली.

टोकदार

इथे पूर्ण सहमत.

गोधडी

जखमीचाच निष्काळजीपणा घोर असेल तर? चालत्या लोकलमध्ये चढताना पडला, असं.

अ‍ॅड_धनश्री

रेल्वेत वेगळा हिशेब आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली दोष कुणाचा हे बघितलंच जात नाही. अपवाद मोजके: आत्महत्या, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक कारण. चढताना-उतरताना पडणं ही ‘स्वतःला करून घेतलेली इजा’ नव्हे, हे रीना देवी निकालाने (२०१८) स्पष्ट केलं. त्यामुळे ‘प्रवाशाचाच निष्काळजीपणा’ या सबबीवर रक्कम कापता येत नाही. मृत्यूला आठ लाख रुपये. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यानेही दावा फेटाळला जात नाही. प्रामाणिक प्रवासी असल्याचं शपथपत्र आणि परिस्थिती मांडली की खोडून काढण्याचा भार रेल्वेवर जातो.

कामगारांचंही तसंच. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली रचना अशी, की दारू पिऊन काम, मुद्दाम आदेश मोडणं किंवा यंत्राचं संरक्षक आवरण मुद्दाम काढणं या कारणांनी मालक भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर यातलं एकही कारण चालत नाही.

मुक्ता

अपघातातल्या जखमीला उचलून नेणाऱ्याच्या हातून काही चुकलं तर? लोक याच भीतीने थांबत नाहीत.

दावेकरी

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इजा किंवा मृत्यू झाला तरी दिवाणी वा फौजदारी, कोणतीच कारवाई नाही. काही देशांत हे संरक्षण घोर निष्काळजीपणापाशी संपतं. आपल्या कलमात तशी पायरी ठेवलेली नाही. हे जितक्या लोकांना कळेल तितकं चांगलं. कृपया थांबा.

शस्त्रवैद्य

वैद्यकीय प्रकरणांत नातेवाईक आधी पोलीस ठाण्यात जातात, म्हणून क्रम सांगतो. लेखी अर्ज करून कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात. केसपेपर, परिचारिकांची नोंदवही, औषधतक्ता, भुलेची नोंद आणि संमतीपत्र ही नावं अर्जात वेगवेगळी लिहा. नुसता डिस्चार्ज कार्डाचा कागद घेऊन परत येऊ नका. मृत्यू असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. तो अहवाल नसला की कारणच सिद्ध होत नाही.

जेकब मॅथ्यूनंतर फौजदारी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत लागतं, आणि तपासी अधिकाऱ्यानेही शक्यतो सरकारी डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यायचं असतं. ग्राहक आयोगात ‘घोर’ सिद्ध करावं लागत नाही, आणि किशन राव निकालाप्रमाणे (२०१०) प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञही लागत नाही. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते, ते कागदच बोलत होते. मुदत दोन वर्षं. फौजदारीत डॉक्टर सुटले म्हणून आयोगातला दावा संपत नाही. कोलकात्याच्या साहा प्रकरणात डॉक्टरांची निर्दोष मुक्तता कायम राहिली आणि त्याच प्रकरणात २०१३ मध्ये सुमारे सहा कोटींची भरपाईही झाली.

सायली_ग

भरपूर कळलं, सगळ्यांचे आभार. हमीपत्राचं मात्र राहिलंय. ‘घोर निष्काळजीपणा वगळता’ हे वाक्य टिकतं का?

अ‍ॅड_धनश्री

कॅलिफोर्नियात याचं उत्तर २००७ च्या सांता बार्बरा निकालाने दिलं: साध्या निष्काळजीपणाचा हक्क सहीने सोडता येतो, घोरचा नाही. तिथल्या हमीपत्रांत ही रेघ महत्त्वाची असते. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने, आणि ग्राहकांपुरतं २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने, व्यवसायाला मृत्यू किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कुठल्याच निष्काळजीपणासाठी झटकता येत नाही, साधा असो की घोर.

आपल्याकडे असं थेट कलम नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच ग्राहकाला इजा करणारा निष्काळजीपणा आहे, ‘घोर’ची अट नाही. एकतर्फी करार अनुचित ठरवण्याची सोय त्याच कायद्यात आहे, मात्र तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला, जिल्हा आयोगाला नाही. शिवाय करार कायद्याचं कलम २३, सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक. सहीने तुम्ही खेळातला अंगभूत धोका पत्करता: उतरताना पाय मुरगळणं, दोर घासून साल निघणं. झिजलेला पट्टा किंवा न लावलेला आकडा पत्करत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहीला तर करार म्हणून किंमतच नाही.

रानवाट

अशा प्रकरणात पहिल्या आठवड्यात करायचं ते एवढंच जोडतो. चालकाला लेखी नोटीस द्या की हार्नेस, पट्टे, आकडे आणि दोर जसेच्या तसे ठेवावेत, दुरुस्त करू किंवा बदलू नयेत. रोजच्या तपासणीच्या नोंदवहीची मागणी करा. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच वेळी भरल्यासारख्या असतील, तर तोच घोरपणाचा पुरावा. सीसीटीव्हीचं चित्रण डीव्हीआरवर नव्या चित्रणाखाली पुसलं जातं, म्हणून त्याची मागणी त्याच दिवशी करा, आणि मिळालेल्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासकट (फाइलचा डिजिटल ठसा) घ्या. दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाचा. तो राहिला की चित्रणावर हरकत येते. आधीच्या तक्रारी ग्रामपंचायत किंवा पोलिसांकडे गेलेल्या असतील तर माहिती अधिकारात त्यांच्या आवक क्रमांकासह प्रती मागा. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या बचावाला त्या तारखेच्या शिक्क्याएवढं जोरदार उत्तर दुसरं नाही.

सायली_ग

नोटीस वकिलामार्फतच द्यावी लागते का?

रानवाट

नाही. स्वतःच्या सहीने, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवा. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन त्यावर शिक्का घ्या.